गारीगार आणि वाटेत उरलेला बर्फ



मागच्या जुलैत आम्ही दोघं मुलाकडे टोकियोला महिनाभर राहून आलो. देवळं, बगीचे, बुलेट ट्रेन यांचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेच आहेत, ते पुन्हा लावत नाही. आज लिहायचं आहे ते एका छोट्याशा दुकानाबद्दल आणि बर्फाबद्दल. मोहगावची मंडळी वाचत असतील तर त्यांना शेवटचा भाग जास्त जवळचा वाटेल. पोस्ट लांब आहे, सावकाश वाचा.

आमच्या पिढीला जपान म्हणजे काय, तर कामठीचा ड्रॅगन पॅलेस. 1999 मध्ये तो झाला तेव्हा सौसर-पांढुर्ण्याकडून लोक खास बघायला गेले होते. त्यापलीकडे जपानशी आपला संबंध नाही, असंच वाटायचं. पण मुलगा राहतो तो टोकियोचा निशी-कासाई भाग म्हणजे एदोगावा वॉर्डातलं छोटं हिंदुस्थानच आहे. 2000 च्या आसपास संगणकाच्या कामासाठी आपली पोरं तिकडे जायला लागली आणि तिथेच रुळली. 2019 मध्ये तर योगेंद्र पुराणिक हा आपला मराठी माणूस त्या वॉर्डाच्या सभेवर निवडून आला. संध्याकाळी स्टेशनवर उभं राहिलं की दहा मिनिटांत एकदा तरी मराठी कानावर पडतंच.

तर त्या स्टेशनजवळच्या बाजारात एक नवीन दुकान उघडलं होतं. नवीन असलं तरी मुद्दाम जुनं दिसेल असं सजवलेलं. लाकडी खोकी, काचेच्या बरण्या, पत्र्याच्या जुन्या पाट्या. आपल्याकडे शाळेसमोर चिंचा, बोरकूट, लिमलेटच्या गोळ्या विकणारी म्हातारी बसायची ना, त्या जातीचा माल तिकडे ‘दागाशी’ नावानं ओळखला जातो. एक-दोन नाण्यांत येणारा पोरांचा खाऊ. पण दुकानात पोरांपेक्षा पन्नाशी-साठीचे लोकच जास्त. एकेक वस्तू हातात घेऊन ‘नात्सुकाशी, नात्सुकाशी’ म्हणत होते. नातीनं मला अर्थ सांगितला, “आबा, जुनं काही दिसलं आणि छातीत बरं वाटलं की असं म्हणतात.”

बाहेर घामाच्या धारा लागल्या होत्या. आपल्याकडच्या पंचेचाळीसच्या मानानं पारा काहीच नव्हता, पण दमटपणा असा की सदरा अंगाला चिकटून बसावा. नात सरळ फ्रीझरकडे गेली आणि निळ्या वेष्टनातली एक कांडी घेऊन आली. वर मोठ्या जबड्याचा, केस बारीक कापलेला एक पोरगा छापलेला.

“आबा, गारिगारि-कुन!”

हे ऐकून सूनबाई जी हसायला लागली ती थांबेचना. ती बार्शीची. म्हणाली, “अहो बाबा, आमच्याकडं गारीगारच म्हणतात की याला!”

मंडळी, आमच्या मोहगावात हा शब्द नव्हता. आम्ही आइसकांडी म्हणायचो, नाहीतर नुसतं बरफ. पण सोलापूर-नगर-मराठवाड्याकडे सायकलवरचा माणूस ‘गाऽऽरीगार’ अशी हाळी देत यायचा, हे तिच्याकडून कळलं. दोन्ही शब्दांचं नातं मात्र काही नाही. आपलं गारीगार ‘गार’वरून आलं आणि जपान्यांचं गारिगारि म्हणजे दातांनी बर्फ फोडतानाचा आवाज, आपल्या कुडुमकुडुमसारखा. एकानं स्पर्शावरून नाव ठेवलं, दुसऱ्यानं आवाजावरून, आणि पदार्थ मात्र एकच.

ही कांडी 1981 मध्ये सायतामा प्रांतातल्या आकागी न्यूग्यो या कंपनीनं काढली. कल्पना अशी होती की पोरांना खेळता खेळता एका हातात धरून किसलेला बर्फ खाता आला पाहिजे. म्हणजे आपला काडीवरचा गोळाच! बाहेरून गोठलेला पातळ थर आणि आत किसलेला बर्फ. पंचवीस वर्षं तिची किंमत 60 येन होती. 2016 मध्ये ती 70 झाली, तेव्हा कंपनीच्या वरिष्ठांसह कर्मचारी टीव्हीवरच्या जाहिरातीत रांगेनं उभे राहिले आणि वाकून लोकांची माफी मागितली. दहा येनसाठी! कांडी खाऊन झाल्यावर काडीवर ‘आतारी’ लिहिलेलं निघालं तर दुसरी फुकट. नातीची काडी कोरी निघाली. माझीही.

मग सगळ्यांनी काही ना काही घेतलं. सौभाग्यवतींनी घेतलं ‘युकिमी दायफुकु’, हेही 1981 चंच. तांदळाच्या पिठाची मऊ, लवचीक पारी आणि आत आइस्क्रीम. एक घास घेऊन म्हणाल्या, “उकडीचा मोदक फ्रीजमधे राह्यला वाटते.” सूनबाईनं घेतला हिरव्या चहाच्या पाकातला किसलेला बर्फ, वर शिजवलेल्या लाल चवळीसारखे गोड दाणे. बर्फावर कडधान्य! पण खाल्ल्यावर बरं लागलं, खोटं कशाला बोलू.

दुकानाच्या दारावर पांढरा झेंडा होता, त्यावर निळ्या लाटा आणि मधोमध लाल अक्षर. ते अक्षर म्हणजे ‘बर्फ’. उन्हाळ्यात असा झेंडा जिथे लागेल तिथे काकिगोरी, म्हणजे किसलेला बर्फ मिळणार, हे जपानी माणूस लांबूनच ओळखतो. आत यंत्रावर मोठा चौकोनी ठोकळा फिरत होता आणि खाली वाटीत बर्फाचा कीस पडत होता. लाल पाक, हिरवा पाक, निळा पाक. मुलगा म्हणाला, यातले बरेच पाक चवीला जवळजवळ सारखेच असतात, फरक रंगाचा आणि वासाचा.

हे मात्र मला नवीन नव्हतं. सौसर-पांढुर्णा म्हणजे संत्र्यांचा मुलूख. अंबिया बहार, मृग बहार, गाड्याच्या गाड्या भरून संत्री बाहेर जायची. आणि त्याच मुलखातल्या आमच्या ‘संत्रा’ गोळ्यात संत्र्याचा थेंब नसायचा. नुसता केशरी रंग आणि साखरीन. तरी आम्ही बागेतली संत्री सोडून गोळ्याच्या गाडीमागे धावायचो.

बाकावर बसून मी तो बर्फ खात होतो आणि मला आठवत होती आमची आजी.

मोहगावात अर्धनारीश्वराच्या देवळाजवळ शिवरात्रीची जत्रा भरली की वर्षातली पहिली गोळ्याची गाडी लागायची. मग उन्हाळाभर ती गावात अधूनमधून यायची. तरटात आणि लाकडाच्या भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी, उलटा बसवलेला सुताराचा रंधा, त्यावर खरखर घासून पडणारा कीस, हातानं दाबून केलेला गोळा आणि वरून बाटलीतला पाक. पाच पैशाला एक. पाक संपला की ‘भाऊ, अजून थोडा टाका ना’ म्हणत परत जायचं. पैसे नसतील तर ज्वारीची ओंजळ चालायची, फुटकी बाटली चालायची, लोखंडाचा तुकडाही चालायचा.

पण आमच्या घरी सक्त मनाई. गाडीवाल्याची घंटी वाजली की आजी उठायची, ओट्यावरचं दार लावून घ्यायची आणि आत माजघरात जाऊन बसायची. कोणी चोरून खाऊन आलं आणि जीभ लाल दिसली तर बोलायची नाही, पण त्या दिवशी जवळही घ्यायची नाही. आम्हाला वाटायचं, म्हातारी चिक्कू आहे. काही बायका म्हणायच्या, नालीच्या पाण्याचा बरफ असते, तिचं बरोबरच आहे. आम्ही तेच खरं मानलं आणि विषय संपला.

टोकियोच्या त्या बाकावर हा विषय पुन्हा निघाला. परत आल्यावर मी बर्फाच्या मागेच लागलो. काय काय सापडलं ते थोडक्यात सांगतो, कारण आपण जे ‘आपलं जुनं’ म्हणतो त्याचा प्रवास फार मजेदार आहे.

आपल्या देशात उन्हाळ्यात गार पाणी ही पूर्वी बादशाही चैन होती. अकबराच्या दरबारात सोऱ्याचा वापर करून पाणी थंड करत, हे ‘आइन-ए-अकबरी’त नोंदलेलं आहे. पुढे दरबार लाहोरला असताना डोंगरातून बर्फ यायचा. उत्तरेच्या मैदानात आणखी एक युक्ती होती. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1775 मध्ये ती लिहून ठेवली. मोकळ्या जागी दोनेक फूट खोल खड्डे करायचे, तळाला उसाची चिपाडं किंवा मक्याची ताटं फूटभर पसरायची, त्यावर मातीच्या उथळ, कोऱ्या थाळ्या मांडायच्या आणि संध्याकाळी त्यांत उकळून गार केलेलं पाणी भरायचं. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की पहाटे थाळ्यांत बर्फाची साय धरलेली असायची. हवा गोठण्याइतकी थंड नसतानाही! चिपाडांमुळे जमिनीची ऊब वर येत नाही, पाझरत्या मातीतून पाणी उडत राहतं आणि उघड्या आकाशाकडे उष्णता निघून जाते. आपला माठ गार राहतो ते तत्त्व इथेही आहेच. सूर्य उगवायच्या आत तो बर्फ गोळा करून खोल खड्ड्यात दाबून ठेवायचा, उन्हाळ्यासाठी.

मग आला अमेरिकेचा बर्फ. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्यानं तळ्यांवर हिवाळ्यात गोठणारा बर्फ कापून गरम देशांत विकायचा धंदा काढला. सुरुवातीला लोकांनी त्याला वेड्यात काढलं. मे 1833 मध्ये त्याचं ‘टस्कनी’ जहाज 180 टन बर्फ घेऊन बोस्टनहून कलकत्त्याला निघालं. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. सप्टेंबरात जहाज पोचलं तेव्हा सुमारे 100 टन बर्फ शिल्लक होता. म्हणजे ऐंशी टन वाटेत पाणी झाला, तरी धंदा फायद्यात. ही सारी करामत लाकडाच्या भुशाची. आपल्या गोळेवाल्याच्या तरटाखाली जो भुसा असायचा तोच.

पुढच्याच वर्षी मुंबईत बर्फ उतरला. जमशेटजी जीजीभॉय यांनी 1834 मध्ये आपल्या घरच्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिलं. मुंबईत हा किस्सा आजही सांगतात की त्यानंतर यजमान आणि पाहुणे, दोघांनाही सर्दी झाली आणि त्याची बातमी ‘मुंबई समाचार’मध्ये आली. ‘बरफ खाल्ला की पडसं होते’ ही आपल्या आयांची तक्रार किती जुनी आहे पाहा! 1843 मध्ये मुंबईत लोकवर्गणीतून बर्फ साठवायला खास इमारत बांधली गेली. मद्रासचं असंच बर्फघर अजून उभं आहे. 1897 मध्ये स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते, म्हणून आता ते त्यांचं स्मारक आहे. 1870 च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या यंत्रांवर बर्फ बनू लागला आणि बोस्टनची जहाजं बंद झाली.

आता गंमत ऐका. हाच बोस्टनचा बर्फ जपानलाही गेला होता. 1860 च्या दशकात योकोहामा बंदरात राहणाऱ्या परदेशी लोकांसाठी तो जहाजानं यायचा आणि फार महाग पडायचा. तेव्हा नाकागावा काहेई नावाच्या माणसानं ठरवलं की आपल्याच देशातला बर्फ आणायचा. फुजी पर्वताच्या पायथ्यापासून आणून पाहिला, बराचसा वाटेतच वितळला. इतर ठिकाणांहून आणून पाहिला, जमलं नाही. वर्षानुवर्षं नुकसान सोसून शेवटी त्यानं उत्तरेला हाकोदातेच्या गोर्योकाकू किल्ल्याच्या खंदकातला बर्फ कापून समुद्रमार्गे आणला. तो टिकला आणि स्वस्तही पडला. ‘हाकोदाते बर्फा’नं बोस्टनच्या बर्फाला हटवलं. त्याच काळात, 1869 मध्ये, योकोहामात माचिदा फुसाझो यानं आइस्क्रीमचं दुकान घातलं.

किसलेला बर्फ मात्र तिकडे त्याहून कितीतरी जुना. हजार वर्षांपूर्वी सेई शोनागोन ही राणीच्या पदरची बाई होऊन गेली. तिनं मनाला सुंदर वाटणाऱ्या गोष्टींची यादी लिहिली, त्यात नव्या धातूच्या वाटीत गोड वेलीचा रस घातलेला किसलेला बर्फ आहे. पण तो राजवाड्यातला. साध्या माणसाच्या पोराच्या हातात तो पडायला यंत्राचा काळ यावा लागला, त्यांच्याकडेही आणि आपल्याकडेही.

हे सगळं वाचताना एक गोष्ट मनात बसली. बर्फाचा इतिहास म्हणजे किती निघाला आणि वाटेत किती उरला, याचा हिशोब आहे. एकशेऐंशीतले शंभर उरले, तर इतिहासात नाव झालं. फुजीहून आणलेला बराचसा वितळला, म्हणून माणसानं पुन्हा प्रयत्न केला.

आता आपल्या भागाकडे येऊ.

नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे तिथवर आली. साहेबांचे क्लब, दवाखाने, मोठी हॉटेलं म्हटल्यावर बर्फ आलाच. नागपुरात 1932 मध्ये राणा कुटुंबातल्या दोन पारशी भावांनी छोटी डेअरी काढली, तीच पुढे आइस्क्रीमसाठी प्रसिद्ध झालेली दिनशॉज. आमच्या पिढीत नागपूरला लग्नाच्या खरेदीला गेलं आणि दिनशॉजचा कप न खाता परत आलं, असं होत नसे.

आणि नागपूर आम्हाला जोडलेलं होतं ते छोट्या गाडीनं. 1913 मध्ये सुरू झालेली इतवारी-छिंदवाडा लाइन. रुळांतलं अंतर जेमतेम अडीच फूट. सावनेर, केळोद, लोधीखेडा, सौसर, रामाकोना करत ती पुढे सातपुडा चढायची. भाजी, दूध, संत्री, नवरीचं सामान, शाळकरी पोरं, सगळं तिच्यातून. 1956 मध्ये राज्यांची फेररचना झाली, नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. कागदावर सीमा आली, पण छोटी गाडी रोज ती ओलांडतच राहिली. आमची सोयरीक, बाजार, दवाखाना सगळं नागपूर. 2015 मध्ये ती लाइन मोठी करायला बंद केली, तेव्हा गाडीला हार घालणाऱ्या लोकांत मीही होतो. 2023 मध्ये सौसर आणि पांढुर्णा मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. आता मोठी गाडी धावते. असो.

सत्तरच्या दशकात घरोघरी आणखी एक प्रकार आला, पॉट आइस्क्रीम. लाकडी बादली, आत जस्ताचा डबा, वर दांडा. डब्यात आटवलेलं दूध आणि आमरस, भोवती फोडलेला बर्फ आणि खडेमीठ, साधारण तीनास एक. मीठ घातलं की बर्फ शून्याच्या बराच खाली जाऊनही वितळत राहतो, पार उणे वीसपर्यंत, आणि वितळताना डब्यातली ऊब ओढून घेतो. हे शास्त्र तेव्हा कोणाला माहीत होतं? आम्हाला एवढंच माहीत की मीठ कमी पडलं तर आइस्क्रीम धरत नाही आणि झाकण नीट बसलं नाही तर ते खारट होतं. पोरांनी आळीपाळीनं दांडा फिरवायचा. शेवटी दांडा जड झाला की घरातल्या मोठ्या माणसानं हात लावायचा आणि एका पोराला तरट टाकून बादलीवर बसवायचं.

आमच्या घरी पॉट आला तो आजी गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात, 1978 मध्ये. मी तेव्हा वीस वर्षांचा. सगळी भाचरं जमली होती. दांडा जड झाल्यावर बाबूजींनी हात लावला. घामाघूम होईपर्यंत फिरवला, सगळ्यांना वाट्या भरून दिल्या. स्वतः घेतली नाही. “मले नाही चालत थंडं,” एवढंच म्हणाले आणि बैलाला पाणी पाजायला गेले. आम्हाला त्यात काही वाटलं नाही. उरलेली वाटी मीच संपवली.

हे सगळं मी मोठ्या बहिणीला फोनवर सांगत होतो. बाई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, अजून मोहगावातच असते. टोकियोचं दुकान, नातीची कांडी, बोस्टनचं जहाज, सगळं ऐकून घेतलं तिनं. मग मी हसत म्हटलं, “आणि आपली आजी पाहा, पाच पैशाचा गोळा खाऊ देत नव्हती.”

बाई गप्प झाली. मग म्हणाली, “तुले माहीत नाही का रे, आजी बरफ काऊन नोती खात ते?”

मला माहीत नव्हतं. ती सांगू लागली.

बाबूजींना एक धाकटा भाऊ होता, हे मला नुसतं ऐकून माहीत होतं. नऊ वर्षांचा असताना गेला, एवढंच. 1944 चा उन्हाळा. त्याला मुदतीचा ताप आला, म्हणजे आजचा टायफॉइड. त्यावर औषध यायला अजून चार वर्षं होती. क्लोरॅम्फेनिकॉल 1948 मध्ये वापरात आलं. तोवर ताप मुदत भरेपर्यंत वाट पाहायची, पेज-पाणी द्यायचं आणि डोकं थंड ठेवायचं. ताप उतरेना, पोर बडबडायला लागलं. वैद्यांनी सांगितलं, बर्फ मिळाला तर बघा.

आजोबा छोट्या गाडीनं नागपूरला गेले. तिथून अर्धी लादी घेतली, भुशात घातली, वर तीन तरटं बांधली. परतीची गाडी सौसरला यायला तीन-चार तास तरी लागायचे, बाहेर वैशाखाचं ऊन. डब्यातल्या लोकांनी आपली घोंगडी, लुगडी त्या तरटावर टाकली, असं आजोबा सांगायचे म्हणे. स्टेशनवर बैलगाडी घेऊन उभे होते बाबूजी, तेव्हा चौदा वर्षांचे. त्यांनी बैल जेवढे पळवता येतील तेवढे पळवले. वाटभर तरटातून पाणी ठिपकत होतं आणि ते मागे वळून पाहत होते.

घरी तरट सोडलं तेव्हा नारळाएवढा बर्फ उरला होता.

“आजीनं त्याच्या डोक्यावर ठेवला,” बाई सांगत होती. “शेवटी बारीक खडा राह्यला, तो त्याच्या तोंडात देल्ला. तं तो हासला म्हने. इतक्या दिवसानं पह्यल्यांदा हासला. अन् म्हने, माय, अजून दे. अन् बरफ तं सरला होता.”

तिसऱ्या दिवशी काका गेले.

बाईला हे आजीनंच सांगितलं होतं, तिच्या लग्नाच्या आधी कधीतरी, माजघरात बसून. गोळेवाल्याची घंटी वाजत होती आणि दार लावलेलं होतं. “पोरं गाडीवाल्याले म्हनत ना, भाऊ अजून टाका, अजून टाका,” बाई म्हणाली. “थे तिले आयकवत नोतं.”

मंडळी, मी बराच वेळ काही बोललो नाही. आमची आजी चिक्कू नव्हती. नालीच्या पाण्याशीही तिला काही देणंघेणं नव्हतं. आणि बाबूजींना थंड चालत नव्हतं, असंही नाही. चौदा वर्षांच्या पोरानं बैल हाकताना मागे वळून वळून जे पाहिलं, ते त्यांनी चौतीस वर्षांनी स्वतः फिरवलेल्या पॉटमध्येही पाहिलं असेल. आणि मी ती वाटी चाटूनपुसून संपवली होती.

टोकियोच्या दुकानात साठीचे लोक ज्या गोष्टी पाहून नात्सुकाशी म्हणत होते, त्यांच्या घरीही असं दार लावून घेणारं कोणी असेल का? आपण जुना खाऊ आठवला की मजा आठवतो, पाच पैसे आठवतो, लाल जीभ आठवतो. पण तीच वस्तू घरातल्या दुसऱ्या माणसाला कशाची आठवण देत होती, हे विचारायचं राहून जातं. मी साठ वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. नशीब, सांगायला बाई आहे. तीही नसती तर आमच्या घरचा हा बर्फ वाटेतच संपला असता.

म्हणून हे सगळं इथे लिहून ठेवतो आहे. नातीसाठी पण, तिला मराठी वाचता येते अजून.

फोन ठेवता ठेवता बाईनं विचारलं, “मंग, तिकडचा बरफ कसा लागते रे?”

म्हटलं, “आपल्यासारखाच लागते, बाई. हातात धरला की वितळते.”

तुमच्या गावाकडे याला काय म्हणायचे? गारीगार, आइसकांडी, बरफ, कुल्फी, की आणखी काही? आणि तुमच्या घरात बर्फ पहिल्यांदा कशासाठी आला होता? घरी सत्तरी-ऐंशीचं कोणी असेल तर आजच विचारा आणि खाली लिहा. मी सगळं वाचणार आहे.